बॉनेट गार असताना

कराडच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका ऑटो कन्सल्टंटच्या आवारात आम्ही सकाळी सातच्या आत पोचलो. गेट उघडायला आलेल्या पोराच्या तोंडात अजून ब्रश होता. आत पंधरा-वीस गाड्या ओळीनं उभ्या, धुऊनपुसून, टायरला काळं पॉलिश मारलेल्या. मधोमध सतरा सीटची पांढरी ट्रॅव्हलर. आमच्याबरोबरच्या मिस्त्रींनी तिला चक्कर मारली नाही, दार उघडलं नाही, सीटचं कव्हर चाचपलं नाही. सरळ पुढं गेले, बॉनेटवर तळहात टेकवला आणि काढून घेतला.

"गरम हाय," ते म्हणाले. "चला, च्या घिऊ."

त्या गाडीबद्दल ते एवढंच बोलले. टपरीवर मात्र सविस्तर सांगू लागले. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेलला ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेलचा फवारा पडताक्षणी पेट घ्यावा, एवढंच त्याचं तंत्र. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले की हवा कडेनं निसटते, दाब कमी पडतो आणि रात्रभर गार पडलेलं इंजिन सकाळी उठायला कुरकुर करतं. एकदा तापलं की तेच इंजिन अर्ध्या सेल्फला उठतं आणि नव्यासारखं वागतं. म्हणून गिऱ्हाईक सातला येणार असेल तर विकणारा सहालाच गाडी चालू करून ठेवतो. याला मोठी लबाडी म्हणावं असंही नाही. भाजीवाला ताजी जुडी वर मांडतो, तेवढीच ती. पण गाडी घेणाऱ्याला खालची जुडी बघायची असते.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'चाक' हा विषय काढला, तेव्हा कुणी कुंभारवाड्याची वाट धरली, कुणी रहाटगाडग्याची. मी जुन्या डिझेल व्हॅनच्या बाजारात शिरलो, कारण ओळखीतला एक तरुण नेमका तेव्हाच गाडी बघत होता. खटाव तालुक्यातला. शेती आहे, पण पाणी बेताचं. लग्नाची वऱ्हाडं, अष्टविनायक, पंढरपूर, शनिवार-रविवारी कास-महाबळेश्वर, असा धंदा त्याच्या डोक्यात होता. बरोबर त्याचे मामा. आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेले, आणि त्यामुळे कुठल्याही खासगी गाडीवर मुळातच विश्वास नसलेले. तिसरे मिस्त्री. मी आपला वही घेऊन मागं.

मॅटाडोरचा वंश

सातारा-सांगलीत पंचेचाळिशी उलटलेल्या कुणालाही विचारा, लहानपणी लग्नाला कशातून गेलात? उत्तर येईल, मॅटाडोर. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यातून निघणारी ती बसक्या नाकाची गाडी. वऱ्हाड, आजारी माणूस, ढोलताशा, मंडप, निवडणुकीची पत्रकं, सगळं तिच्यात मावायचं. पुढं ती बंद झाली, त्याच कंपनीची ट्रॅव्हलर रस्त्यावर रुळली, २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. त्याच वर्षी टाटांचा 'छोटा हत्ती' आला आणि २००७ मध्ये विंगर. तरी आजही गावाकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी पोटात माणसं घेणारी कुठलीही लांबट गाडी मॅटाडोरच.

दुसरी पाती वडापची. एसटी चुकली की फाट्यावर उभी असते ती ट्रॅक्स, क्रूझर किंवा कमांडर. सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि सीट भरल्या म्हणजे किती माणसं हे ड्रायव्हरवर अवलंबून. जुन्या व्हॅनच्या बाजारात येणाऱ्या कितीतरी गाड्यांचं उमेदीचं वय असं फाट्यावर गेलेलं असतं.

या बाजाराला एक जागा नाही. साताऱ्यात हायवेच्या कडेनं, उंब्रजला, कराडला, पेठ नाक्यावर, सांगली-मिरज रस्त्यावर मोकळ्या प्लॉटमध्ये पत्र्याचं ऑफिस टाकून 'ऑटो कन्सल्टंट'ची पाटी लावलेली असते. शिवाय बँकांनी आणि फायनान्सवाल्यांनी हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्यांची यार्डं वेगळी. आणि सगळ्यात जास्त व्यवहार होतात ते गॅरेजच्या पायरीवर, "अमक्याची गाडी काढायचीय म्हणं" एवढ्या एका वाक्यावर.

भावाच्या बाबतीत एक मुद्दा गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. चालकासह दहा किंवा जास्त माणसं नेणाऱ्या नव्या गाडीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला. नवी स्वस्त झाली की जुनीनंही उतरायला हवं. विकणारे हे आपणहून सांगत नाहीत. मामांनी त्या बातमीचं कात्रण खिशात ठेवलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी ते काढलं.

आधीचा धंदा

"किती पळालीय?" हा प्रश्न त्या तरुणानं पहिल्या काही ठिकाणी विचारला. मिस्त्रींनी त्याला तो सोडायला लावला. डिजिटल मीटर लॅपटॉप लावून मागं घेता येतो, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यापेक्षा क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर बघावं, स्टिअरिंगचा कडेचा गुळगुळीतपणा बघावा, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची बाजू किती दबलीय ते बघावं. टायरच्या भिंतीवर चार आकडी खूण असते. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाच वर्षांची गाडी, मीटरवर चाळीस हजार, आणि चारही टायर गेल्या वर्षीचे असतील, तर आधीचे टायर कशानं संपले हे विचारायला हरकत नाही.

पण मिस्त्रींचा खरा प्रश्न वेगळाच होता: गाडी काय करत होती? दोन जिल्ह्यांत फिरल्यावर मलाही वाटू लागलं की यापुढं किलोमीटर ही फार किरकोळ गोष्ट आहे.

वडापला चाललेली गाडी मागून ओळखू येते. मागचे पाटे सपाट झालेले असतात किंवा वरून एक जादा पान चढवलेलं असतं. मागच्या दाराच्या बिजागऱ्या सैल. पाटे चासीला जिथं धरलेले असतात त्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंगचा ताजा, काळ्या रंगानं झाकलेला वळ.

दुधाची गाडी आतून कळते. भिलवडी-पलूसकडं काय किंवा फलटणकडं काय, पहाटे संकलनाला जाणाऱ्या गाडीत रोज थोडं दूध सांडतं, वर पाणी मारलं जातं आणि ते फरशीच्या सांध्यांत मुरतं. चार-पाच वर्षांत पत्रा पापडासारखा होतो. त्याहून वाईट मासळीची. रत्नागिरीकडून घाट चढून येणाऱ्या गाडीतलं बर्फाचं खारं पाणी चासीपर्यंत पोचतं. अशा गाडीत नव्या सीट आणि चकचकीत मॅट टाकली की वरून काही दिसत नाही. मिस्त्री मॅटचा कोपरा उचलतात आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकतात. चांगला पत्रा टणत्कार करतो, कुजलेला थप्प वाजतो.

शाळेची गाडी किलोमीटरनं कमी आणि थांब्यांनी जास्त. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ ची वेगळी नियमावली आहे आणि रंग पिवळा लागतो. कराडच्या त्या आवारात परतल्यावर मिस्त्रींनी ट्रॅव्हलरच्या दाराची रबरी बीडिंग बोटभर ओढली. खाली पिवळा रंग होता. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, फॅमिली वापरातली. पोरांना नेणं वाईट नाही, उलट शाळेच्या गाड्या बऱ्याचदा वेळच्या वेळी पासिंग झालेल्या असतात. मग लपवायचं कशाला? वाई-पाचगणी मार्गावर पसरणी घाट रोज चढणारी शाळेची गाडी आणि मिरजेच्या सपाटीवर फिरणारी शाळेची गाडी यांच्या क्लच-ब्रेकचं आयुष्य एक नसतं, एवढंच तर विचारायचं होतं.

रुग्णवाहिका म्हणून चाललेली गाडी मिरजेकडं बरीच भेटते. दवाखान्यांचं गाव. वरच्या दिव्याची भोकं लांबी भरून बुजवलेली असतात. लांबी भरलीय का ते बघायला फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचं. जिथं ते धरत नाही तिथं खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. रुग्णवाहिकेचं इंजिन दवाखान्याच्या दारात एसीसाठी तासन्‌तास जागच्या जागी चालतं. मीटर थांबलेला असतो, झीज चालू असते.

आणि दिंडीची गाडी. हे मामांनी सांगितलं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण अशी सातारा जिल्ह्यातून जाते. त्या गर्दीत माणसाच्या चालीनं, पहिल्या गिअरात, अर्ध्या क्लचवर चाललेली गाडी. "पुण्य लागतंय, पण क्लच प्लेट जाती," मामा म्हणाले. वर्षात तेवढेच दिवस, पण विचारून घ्यावं.

झाकण उलटं ठेवा

सांगलीत बघितलेली गाडी कन्सल्टंटकडं नव्हती, मालकाच्याच दारात होती. आणि बॉनेट गार. मिस्त्री पहिल्यांदा खुशीत दिसले.

आधी न चालू करता बघण्याच्या गोष्टी. डिपस्टिक काढून पुसायची, परत घालून काढायची. डिझेलचं ऑइल काळंच असतं, काळेपणाला घाबरायचं नाही. बोटावर घासून कचकच लागते का बघायचं. पातळी खुणेच्या वर असेल तर जास्त काळजी, कारण डिझेल किंवा पाणी ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता असते. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं. तापल्यावर उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली ताकाच्या लोण्यासारखा फेस, म्हणजे हेड गॅस्केटकडं संशय.

मग चावी फिरवायची, हीटर प्लगचा दिवा विझू द्यायचा आणि सेल्फ मारायचा. मिस्त्री स्वतः सेल्फ मारत नाहीत. दुसऱ्याला बसवतात आणि आपण सायलेन्सरच्या मागं उभे राहतात. धूर वाचण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं आहे. गार इंजिनाला सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो, तो न जळलेल्या डिझेलचा. मिनिटा-दोन मिनिटांत जायला हवा. गेला नाही आणि वास गोडसर असेल तर कूलंट जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी: कधी एअर फिल्टर तुंबलेला, कधी नोझलची धार बिघडलेली, कधी टर्बो. निळा सगळ्यात महाग. ते ऑइल जळतंय.

यानंतरची तपासणी मला आधी कुणी दाखवली नव्हती. इंजिन चालू असताना मिस्त्रींनी ऑइल भरायचं झाकण सोडवलं आणि तिथंच उलटं ठेवलं. सुस्थितीतल्या इंजिनावर ते थोडं थरथरतं. रिंगा गेलेल्या असतील तर पिस्टनच्या कडेनं निसटलेला वायू खालून झाकणाला ढकलतो, ते नाचतं, कधी उडून पडतं, आणि भोकातून भक्‌भक्‌ धूर येतो. याला गॅरेजमध्ये 'बॅक मारतंय' म्हणतात. पैसा खर्च न करता इंजिनाचं पोट कळण्याची याहून सोपी युक्ती नसावी. सांगलीच्या गाडीचं झाकण जागेवर राहिलं. "इंजिन बांधलंय का?" मिस्त्रींनी विचारलं. मालक म्हणाले, हो, दोन वर्षांपूर्वी. बिल? बिल नव्हतं. इंजिन बांधलेलं असणं दोष नव्हे. पण कुणी बांधलं, बोअर केला की नुसत्या रिंगा टाकल्या, पंप-नोझलचं काम झालं का, हे सांगणारा कागद किंवा निदान मिस्त्रीचा फोन नंबर हवा.

जुने लोक अजून 'मायको पंप' म्हणतात. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं. तिच्या नाशिकच्या कारखान्यातून नोझल-इंजेक्टर निघतात. जुना यांत्रिक पंप गावातला मिस्त्री खोलून बसवू शकतो. कॉमन रेलच्या गाडीत डिझेल हजार-दीड हजार बारच्या दाबानं खेळतं (गाडीच्या टायरमध्ये अडीच-तीन बार हवा असते), तिथं पाणी किंवा भेसळ आली की इंजेक्टर जातात, आणि ते तपासायला टेस्ट बेंच लागतं. घेण्याआधी हजार-दोन हजार टाकून इंजेक्टरची परतीची धार मोजून घेतली तर पुढचा मोठा फटका वाचतो.

कृष्णेचा गाळ

सांगलीची गाडी इंजिनात पास झाली आणि सीट बेल्टमध्ये नापास.

मिस्त्री ड्रायव्हरच्या सीटवर बसले, बेल्ट धरला आणि ओढतच राहिले. माणूस बेल्ट लावतो तेव्हा तो निम्माच बाहेर येतो. उरलेला निम्मा कधीच उजेड बघत नाही. त्यांनी शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्टीवर मातकट रेघ होती, नखानं खरवडली की पीठ पडावं असा बारीक गाळ.

इथं सांगलीचा इतिहास गाडीत शिरतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५० फुटांच्या बरंच पुढं. गावभाग, कोल्हापूर रोड, शामरावनगर, किती दारांतल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. त्याच जुलैत, २२ तारखेला, चिपळूण वाशिष्ठीखाली गेलं, आणि चिपळूणहून कुंभार्ली घाट चढलं की खाली कराडच येतं.

बुडालेल्या गाडीचं काय होतं? विमा असेल तर कंपनी बऱ्याचदा 'टोटल लॉस' धरून पैसे देते आणि गाडी भंगाराच्या लिलावात निघते. घेणारा ती धुतो, वाळवतो, इंजिन खोलतो, वायरिंग जोडतो, रंग देतो. त्यात बेकायदा काही नाही. ती बुडालेली होती हे न सांगता विकणं मात्र शुद्ध फसवणूक. पाणी इंजिनातून काढता येतं, वायरिंगमधून नाही. तांब्याच्या टोकांना हिरवा कळंक चढतो आणि दोन पावसाळ्यांनी एके दिवशी इंडिकेटर लावला की वायपर चालतो. गिअर बॉक्स आणि मागच्या हाउसिंगचं तेल पाणी मिसळून पांढुरकं झालेलं असतं. तापलेलं हाउसिंग पाण्यात गार पडताना श्वासाच्या नळीनं पाणी आत ओढून घेतं, मग ऑइल बदललं तरी बेअरिंगचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

मिस्त्रींच्या बघायच्या जागा ठरलेल्या: सीटचे बोल्ट जिथं फरशीत जातात ती डोकी, हेडलाइटच्या आत खालच्या कडेला साठलेली माती, डॅशबोर्डच्या पोटात फ्यूज बॉक्समागची वायर, आणि वास. सुगंधी डबी दोन-दोन लावलेल्या गाडीत ते काचा बंद करून काही मिनिटं बसतात. कागदावरही खूण सापडते. जुन्या विमा पॉलिसी मागायच्या. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, वर्षावर्षाला चढत गेलेली असते. ती २०१९-२० किंवा २०२१-२२ च्या नूतनीकरणात शून्यावर आलेली दिसली, तर कशाचा क्लेम, हे विचारावं.

मालक खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. त्यांनी गाडी पुरानंतर तिसऱ्याकडून घेतली होती, आणि त्यांनीही कधी बेल्ट शेवटपर्यंत ओढला नसावा. रेघ बघून ते गप्प झाले. मग त्यांनी भाव चांगलाच खाली आणला. तरुणाचा जीव जरा घोटाळला, पण मामा आधीच चपला घालत होते.

यवतेश्वरचा चढ

सपाटीवर घेतलेली ट्रायल म्हणजे पाहुण्यांसमोर शहाणं बसलेलं पोरगं. सांगलीकरांपाशी घाट हाताशी नाही. साताऱ्यात मात्र समर्थ मंदिरापासून कासच्या रस्त्याला लागलं की यवतेश्वरचा घाट लगेच चढायला लागतो. तिसरी गाडी साताऱ्यातच होती, एका प्रवासी व्यावसायिकाची. दोन ट्रॅव्हलरपैकी एक काढत होता. मामांची अट होती, रिकामी गाडी घाटात न्यायची नाही. तरुणानं एमआयडीसीतल्या मित्रांना फोन लावला, सुटीचा दिवस होता, दहा जण वडापाव खात हजर झाले. मालकानं तोंड वाकडं केलं, पण चावी दिली.

चढावर मामांनी मुद्दाम गाडीचा वेग पडू दिला आणि तिसऱ्यातच ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी तिथंच, असं झालं तर क्लच सरकतोय. थोडा सरकत होता. जळका वासही आला. तापमानाचा काटा मध्यावर गेला आणि तिथंच राहिला, हे चांगलं. मागच्या हाउसिंगमधून घरघर येते का, आणि पाय सोडल्यावर तिचा सूर बदलतो का, हे मागच्या सीटवर बसलेले मिस्त्री ऐकत होते. दहा मित्रांना गप्प बसवण्यात त्यांची बरीच शक्ती गेली.

उतारावर खरी परीक्षा. गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात सोडली की गिअर उडी मारून न्यूट्रलला येतो का? ब्रेक एका बाजूला ओढतात का? पाय हळूहळू खोल जायला लागतो का? लांब उतार संपून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला त्या क्षणी मामांनी आरशात बघितलं. तिथं निळ्या धुराचा लोट दिसला असता तर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल ओघळतंय असं समजायचं. दिसला नाही. खाली आल्यावर मिस्त्रींनी चारही चाकांच्या मध्याजवळ हात नेला, न टेकवता. डावं पुढचं जास्त तापलं होतं. ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग. त्यांनी वहीत लिहिलं: क्लच, डावं पुढचं, मागचे दोन टायर. जी गाडी आपले दोष दाखवते तिचा हिशेब मांडता येतो, असं काहीसं ते पुटपुटले.

युरिया शेतातला चालत नाही

तरुणाला मधेच वाटलं होतं, आणखी थोडे पैसे घालून २०२० नंतरची गाडी घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा आलं, आणि त्याबरोबर धुरातली काजळी धरून ठेवणारा फिल्टर. तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी काजळी सहाशे अंशांच्या आसपास तापून जळावी लागते, आणि तेवढं तापायला गाडी सलग जोरात पळावी लागते. हायवेवर पळणाऱ्या गाडीला त्रास नाही. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो तुंबतो. मग कुणीतरी तो कापून काढतं आणि सॉफ्टवेअर बदलून दिवा विझवतं. घेणारा खूश, पासिंगला गेल्यावर रडतो.

काही गाड्यांना डीईएफ लागतं, ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं पाणी. शेतीचा युरिया पोत्यानं घरात असलेल्या माणसाला इथं मोह होऊ शकतो. पण २०१५ पासून देशातला शेतीचा युरिया निंबोळी तेलाचं आवरण लावून येतो. ते तेल त्या नाजूक यंत्रणेत गेलं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. अशी जुनी गाडी घेताना स्कॅनर लावल्याशिवाय पैसे मोजू नयेत, आणि दिवे सगळे विझलेत एवढ्यावर समाधान मानू नये. चावी लावल्यावर ते आधी पेटले पाहिजेत. पेटतच नसतील तर कुणीतरी त्यांचं तोंड बंद केलंय.

बोजा

मित्रांना वाईट वाटलं, पण गाडी चांगली आहे म्हणून व्यवहार तिथल्या तिथं होत नसतो. विसार देण्याआधी मामांनी आरसी मागितली आणि मिस्त्रींनी कोरा कागद व पेन्सिल. चासीवर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की नंबर कागदावर उमटतो. तो आरसीशी आकडा न्‌ आकडा लावून बघितला. नंबराच्या आसपास घासकाम किंवा वेल्डिंग असेल तर गाडी कितीही गोड असो, तिथून निघावं.

एमएच-११ सातारा, एमएच-१० सांगली, एमएच-५० कराड, एमएच-०९ कोल्हापूर. पाटीवरून गाव कळतं, बोजा कळत नाही. आपल्याकडं गाडीवर बँकेचाच नव्हे, पतसंस्थेचाही बोजा असतो. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. फॉर्म ३५ आणि संस्थेचा दाखला लागतो. कर्ज देणारी पतसंस्थाच मधल्या काळात अवसायनात निघाली असेल, तर दाखल्यावर सही कोण करणार याची शोधाशोध घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. म्हणून परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर बोजाची नोंद उतरलेली दिसल्यावरच पैसे, असं मामांनी धरून ठेवलं.

पिवळ्या पाटीच्या गाडीचे कागद वेगळे आणि जास्त. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी. टॅक्स, पर्यावरण कर, परमिट. परमिट गाडीबरोबर आपोआप मिळत नाही, त्याच्या हस्तांतराला परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते. ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण बसवलेलं असेल तर ते चालतंय का, हेही बघावं, नाहीतर पासिंग अडतं. ई-चलन थकलेली आहेत का हे नंबर टाकून दोन मिनिटांत कळतं. कन्सल्टंटकडून घेणार असाल तर १ एप्रिल २०२३ पासून त्याला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं. ते भिंतीवर आहे का बघा. मी गेलो त्या बऱ्याच ठिकाणी भिंतीवर देवांचे फोटो होते.

सगळ्यात धोक्याची पद्धत कोऱ्या सह्यांची. मूळ मालक फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळा होतो, गाडी एका एजंटाकडून दुसऱ्याकडं फिरते, आणि आरसीवर नाव पहिल्याचंच राहतं. विकणाऱ्याला वाटतं आपली सुटका झाली. पण कायद्यानं हस्तांतराची खबर चौदा दिवसांत द्यायची असते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईला नोंदणीवर ज्याचं नाव तोच मालक जबाबदार, मधे गाडी किती हातांतून गेली याला महत्त्व नाही. विम्याचंही तसंच. नवं नाव लावून घ्यायला चौदा दिवस आहेत, तोवर तृतीय पक्षाचं संरक्षण चालू राहतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला कंपनी हात वर करू शकते. आणि एनसीबी जुन्या मालकाची. ती गाडीबरोबर येत नाही.

साताऱ्याच्या गाडीचा सौदा क्लच, डाव्या चाकाचं काम आणि दोन टायर वजा करून झाला. रक्कम चेकनं आणि खात्यावर, रोख काही नाही. ताबा पावती मामांनी स्वतः लिहायला घेतली: नंबर, चासी नंबर, मीटरवरचे किलोमीटर, तारीख. मग घड्याळ बघून वेळ लिहिली, दुपारी ३.४०.

"वेळ कशाला?" मालकानं विचारलं.

"साडेतीनला हिनं कुणाला ठोकलं असंल तर ते तुमचं," मामा म्हणाले. "आन चारला ठोकलं तर आमचं."

मालक हसला आणि त्यानं सही केली. गाडी तिथून थेट गॅरेजला गेली. इंजिन ऑइल, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, फॅनचा पट्टा, कूलंट, गिअर बॉक्स आणि हाउसिंगचं ऑइल, आधीच्या मालकानं काल बदललंय म्हणून सांगितलं तरी सगळं नवं. त्यासाठी तरुणानं रक्कम आधीच बाजूला काढून ठेवली होती, आणि ती संपली. आता तो आरटीओतल्या तारखेची वाट बघतोय. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. वडूजच्या एका वऱ्हाडाचा विसार त्यानं घेऊनही टाकलाय, हे अजून त्यानं मामांना सांगितलेलं नाही.